मंदीच्या काळातील एका मंडळीचा हिशेब : कोल्हापुरातील एक प्रकरण

ही हकीकत कोल्हापूर शहरातील एका प्रोटेस्टंट मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या संस्थेची, आहे. मंडळीचे किंवा कोणा व्यक्तीचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. रकमाही रुपयांत न देता प्रमाणात दिल्या आहेत : २०१८-१९ या आर्थिक वर्षातील एकूण उत्पन्न १०० धरले असून पुढचे सर्व आकडे त्याच मापाने वाचावेत.

पार्श्वभूमी

रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले मिशनकार्य पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आले आणि त्यातून शाळा, दवाखाने व मंडळ्या उभ्या राहिल्या. या परंपरेतल्या जुन्या मंडळ्यांना मिशनकाळाकडून दोन गोष्टी मिळाल्या : शहरातील मोक्याच्या जागा, आणि पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) पगार कुठून तरी वरून येतो ही समजूत. परदेशातून येणारा पैसा थांबून कित्येक दशके लोटली. प्रस्तुत मंडळी तेव्हापासून स्वावलंबी आहे. पाळकांचे वेतन, शिपायाचा पगार, दोन खेड्यांतील शाखा आणि वरिष्ठ मंडळाला द्यावयाचा वार्षिक वाटा हे सारे ती सभासदांच्या देण्यातून चालवते.

मंडळीत दोनशेच्या आतबाहेर कुटुंबे आहेत. परिचारिका, शिक्षक आणि निवृत्तिवेतनधारक हा एक भाग. शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत किंवा शिवाजी उद्यमनगरातील मशीनशॉपमध्ये काम करणारे हा दुसरा. तरुण पिढीतले बरेच जण पुण्याला आहेत. पहिल्या भागाचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, दुसऱ्याचा फौंड्रीतील पाळ्यांवर अवलंबून असतो. मंदी येईपर्यंत हा फरक हिशेबाच्या वहीत कधी दिसला नव्हता, कारण वही कुटुंबवार होती, व्यवसायवार नव्हती.

२०१८-१९ च्या उत्पन्नातील १०० पैकी ४६ मासिक वर्गणी व दशांशाचे (उत्पन्नाचा दहावा भाग म्हणून दिलेल्या देणगीचे) होते. रविवारच्या उपासनेत फिरणाऱ्या थैलीत १४, नाताळ, ईस्टर व कापणीच्या सणाची अर्पणे आणि त्या सणातील वस्तूंचा लिलाव मिळून १५, सभागृह व रस्त्याकडेच्या तीन गाळ्यांचे भाडे १७ आणि ठेवींवरील व्याज ८. खर्च ९५ होता : वेतन व भविष्यनिर्वाह निधी ५२, वरिष्ठ मंडळाचा वाटा १२, इमारत, वीज व देखभाल १३, खेड्यांतील शाखा ९, रविवारची शाळा व तरुण संघ ५, गरजूंसाठीचा साहाय्यनिधी ४. वर्षाला ५ शिल्लक पडत असे, आणि त्यामुळे कमिटीला आपला कारभार सुस्थितीत आहे असे वाटत होते.

अडचण

वाहन उद्योगातील मंदी कोल्हापुरात फौंड्रीच्या दारातून आली. जुलै २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाली. ओतकामाच्या मागण्या घटल्या, पाळ्या कमी झाल्या, आणि कंत्राटी कामगारांना आठवड्यातून तीन-चार दिवसच काम मिळू लागले. मंडळीच्या वर्गणीत जूनपासूनच घट दिसत होती. नेमक्या त्याच वेळी, ऑगस्टमध्ये, पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. मंडळीतील काही घरांत पाणी शिरले. त्यामुळे कमिटीने घटीचे सगळे कारण पुराच्या खाती टाकले आणि नाताळात भरून निघेल असे ठरवून विषय मिटवला.

या प्रकरणातील पहिला निर्णय हाच होता, जरी इतिवृत्तात तो निर्णय म्हणून नोंदलेला नाही. जून व जुलैची वर्गणी पुराआधीची होती, हे महिनावार तक्ता समोर असता तर कुणाच्याही ध्यानात आले असते. पण कमिटीसमोर हिशेब वर्षातून एकदा, ऑडिटनंतर, यायचा. नाताळचे अर्पण नेहमीसारखे झाले, पण सणाला लोक उसने काढूनही देतात, त्यावरून घरची स्थिती कळत नाही. २०१९-२० चे उत्पन्न ८८ वर थांबले आणि तूट मागील शिलकेतून भागवली गेली.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली. १२ एप्रिलचा ईस्टर बंद दरवाजाआड गेला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे त्यानंतर १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत खुली झाली. थैली फिरणे थांबले, सभागृहातील लग्ने थांबली, गाळेधारकांनी भाडे माफ करण्याची विनंती केली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आणल्यामुळे, ज्या ठेवींवर आदल्या वर्षी सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते त्यांचे नूतनीकरण पाच टक्क्यांच्या आसपास झाले. त्याच वेळी साहाय्यनिधीकडे येणारे अर्ज वाढले. बहुतेक अर्जदार काल-परवापर्यंत नियमित देणारे होते.

मे महिन्यात खजिनदारांनी ठेवींच्या पावत्या एकत्र मांडल्या तेव्हा खरी अडचण उघडी पडली. एकूण ठेवी १६० होत्या, म्हणजे दीड वर्षाच्या उत्पन्नाहून जास्त, आणि कमिटीतील बहुतेकांना हा आपला राखीव साठा वाटत होता. प्रत्यक्षात त्यांतील ९५ कौलारू छप्पर व सागवानी वाशांच्या दुरुस्तीसाठी गोळा केलेला इमारत निधी होता, ३० मृतांच्या स्मरणार्थ दिलेल्या शिष्यवृत्तीच्या ठेवी होत्या, १५ महिला संघाचे होते. मोकळे पैसे फक्त २०, म्हणजे नेहमीच्या खर्चाला जेमतेम अडीच महिने पुरतील एवढेच. शिवाय इमारत निधीचे व्याजही आजवर सर्वसाधारण खर्चात जात होते, असे लक्षात आले. ते तसे वापरावे असा ठराव कधी झालेला नव्हता. एका जुन्या खजिनदारांनी सोयीसाठी सुरू केलेली पद्धत पुढच्यांनी पाळली होती.

समोर असलेले पर्याय

जून २०२० मध्ये कमिटीची बैठक मोबाइलवर झाली. त्या आणि पुढच्या दोन बैठकींत जे पर्याय आले त्यांतील काहींचा निकाल कायद्यानेच लागला. बँकेकडून किंवा एखाद्या सधन सभासदाकडून कर्ज घ्यावे अशी सूचना होती. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीखेरीज विश्वस्तांना न्यासासाठी (ट्रस्टसाठी) कर्ज काढता येत नाही, आणि मंडळी हा असाच न्यास आहे. ठेवी एका पतसंस्थेत हलवून दोन टक्के जास्त व्याज मिळवावे ही सूचना खरे तर आदल्या सप्टेंबरपासून पडून होती. मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्याची बातमी त्याच महिन्यात आली होती आणि सूचना करणारे स्वतःच गप्प झाले होते. तसेही कलम ३५ न्यासाचा पैसा अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे एवढ्यांतच ठेवू देते, आणि पतसंस्थेतील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नसते.

जागेचा प्रश्न अधिक अवघड होता. चर्चमागील मोकळ्या मैदानासाठी एका बांधकाम व्यावसायिकाने २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा प्रस्ताव आणला. अनामत रक्कम मंडळीच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाइतकी होती. बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा कलम ३६ प्रमाणे परवानगीवाचून वैध ठरत नाही. शिवाय जागा मंडळीच्या नावे नव्हतीच. मिशनकाळापासून ती एका वेगळ्या मालमत्ता न्यासाकडे होती. वकिलांच्या दोन पानी टिपणाने हा विषय संपला. मात्र टिपण येण्यापूर्वी झालेल्या मतमोजणीत, पुढील बोलणी करावीत या बाजूने अकरापैकी सहा मते होती, हे इथे नोंदवणे योग्य वाटते. मैदान वाचले ते कायद्यामुळे. कमिटीला दूरदृष्टी होती म्हणून ते वाचले असे आता सांगितले जाते, त्याला कागदपत्रांचा आधार नाही.

परदेशातील सभासदांकडून मदत घेण्याचा पर्यायही तपासला गेला. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पारपत्र असलेल्या एका सभासदाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे पाठवलेली रक्कम स्वीकारण्यात आली, कारण अशी देणगी परकीय अंशदान ठरत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या एका भगिनीची देणगी मात्र नाकारावी लागली, कारण मंडळीची परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी नव्हती. तिच्या आईच्या खात्यातून पैसे घ्यावेत अशी पळवाट सुचवली गेली. ती कमिटीने मान्य केली नाही.

उरलेले पर्याय मंडळीच्या हातातले होते : सर्व खर्चांत सरसकट पंचवीस टक्के कपात, खेड्यांतील शाखांचे काम थांबवणे, वरिष्ठ मंडळाचा वाटा लांबवणे, इमारत निधीतून तात्पुरती उचल, आणि सभासदांना सगळी स्थिती सांगून आवाहन करणे. शेवटच्या पर्यायाला सर्वाधिक विरोध झाला. लोकांच्या घरात चूल पेटण्याची पंचाईत असताना आपण पैसे मागायचे का, असा प्रश्न होता, आणि तो प्रामाणिक होता. मात्र विरोध करणाऱ्यांत असेही काही होते की ज्यांना ठेवींची खरी फोड जाहीर होणे नको होते.

घेतलेले निर्णय

वेतनाचा विषय पाळकसाहेबांनी स्वतःच काढला आणि अर्धा पगार सोडण्याची तयारी दाखवली. कमिटी लगेच हो म्हणण्याच्या बेतात होती. तेव्हा मंडळीत जिला सगळे सिस्टरबाई म्हणतात त्या निवृत्त परिचारिकेने विचारले, की पाळकसाहेबांची मुलगी बारावीत आहे, पाळकांनी सोडलेला पगार ते उद्या कुणाकडून तरी उसना घेणार असतील तर आपण नेमके काय वाचवले. त्यावर मूळ वेतन व भविष्यनिर्वाह निधी कायम ठेवून प्रवास व इतर भत्ते स्थगित करण्याचे ठरले. शिपायाच्या पगाराला हात लावला नाही. वेतनावरील खर्च ५२ वरून ४७ वर आला. फार मोठी बचत झाली नाही, पण सर्वात कमी पगाराच्या माणसाला आधी झळ बसली नाही.

हेच तारतम्य खेड्यांच्या बाबतीत राहिले नाही. तिथल्या दोन सुवार्तिकांचे (धर्मप्रचारकांचे) मानधन जुलैपासून निम्मे करण्यात आले. ते कमिटीत नव्हते, त्यांच्या गावचे कुणी बैठकीत नव्हते, आणि त्यांच्यासाठी बोलणारे कुणी निघाले नाही. त्यांतील एकाने ऑगस्टमध्ये दुसऱ्याच्या शेतावर मजुरी सुरू केल्याचे महिला संघाला कळले. संघाने आपल्या १५ पैकी काही रक्कम देऊन मानधन पूर्ववत करायला लावले आणि त्याबरोबर अट घातली, की यापुढे कपातीच्या बैठकीला ज्याच्या मानधनात कपात होणार आहे त्याला बोलवावे. ही अट इतिवृत्तात आहे. शाखांचा वर्षाचा खर्च ८ वर राहिला.

वरिष्ठ मंडळाला पत्र पाठवून वाट्यापैकी एक तृतीयांश रक्कम पुढच्या वर्षी देण्याची मुदत मागितली, ती मिळाली. गाळेधारकांना चार महिन्यांचे निम्मे भाडे माफ केले आणि उरलेले हप्त्याने देण्याचे लेखी ठरवले. दुरुस्तीची कामे थांबली. रविवारची शाळा शिक्षिकांनी स्वतःच्या मोबाइलवरून चालवली. साहाय्यनिधी मात्र ४ वरून ९ पर्यंत वाढवण्यात आला, आणि हा एकमेव ठराव कोणत्याही चर्चेविना मंजूर झाला.

सप्टेंबरमध्ये प्रत्येक कुटुंबाला एक पानाचे पत्र गेले. त्यात महिन्याचा खर्च, महिन्याची जमा, ठेवींची फोड आणि मोकळे पैसे किती महिने पुरतील एवढेच लिहिले होते. बायबलमधील मलाखीच्या पुस्तकातले दशांशाचे वचन घालावे असा आग्रह होता, तो पाळकसाहेबांनी मानला नाही. त्यांनी बायबलमधीलच करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायाचा आधार घेतला, ज्यात प्रेषित पौल देणगीचा पैसा एकट्याच्या हाती न देता सोबत विश्वासू माणसे पाठवतो, जेणेकरून कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. पैसे मागण्यापूर्वी हिशेब दाखवावा असा त्यांचा अर्थ होता, आणि तो त्या अध्यायाशी सुसंगत आहे.

पत्रासोबत यूपीआयचा क्यूआर कोड द्यायचा होता. इथे जुना हलगर्जीपणा आड आला. विश्वस्तबदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असल्यामुळे बँकेत सह्या अजून माजी पदाधिकाऱ्यांच्याच होत्या आणि खात्यावर नवी सोय देण्यास बँक तयार नव्हती. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत कळवणे बंधनकारक असताना मंडळीने तो अर्ज उशिरा दिला होता. दोन महिने लोक एका वडिलांच्या (मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्याच्या) खासगी क्रमांकावर पैसे पाठवत राहिले. ते सर्व पैसे जमा झाले, प्रत्येकाची पावती निघाली, तरीही या दोन महिन्यांवरून जेवढे बोलणे झाले तेवढे वर्षभराच्या तुटीवरून झाले नाही.

थकलेली वर्गणी आणि मताचा हक्क

या प्रकरणातील सर्वात गुंतागुंतीचा निर्णय पैशापेक्षा सभासदत्वाबद्दल होता, म्हणून तो सविस्तर मांडतो. मंडळीच्या घटनेप्रमाणे सलग सहा महिने नियमित वर्गणी न देणाऱ्याला वार्षिक सभेत मत देता येत नाही. चांगल्या दिवसांत हा नियम चार-दोन जणांनाच लागत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये यादी काढली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबे त्यात सापडली आणि त्यांतील बहुसंख्य फौंड्री व मशीनशॉपमधील होती. येत्या फेब्रुवारीच्या सभेत नवी कमिटी निवडायची होती. नियम जसाच्या तसा लावला असता तर ती निवड शिक्षक, परिचारिका व निवृत्तिवेतनधारक यांनीच केली असती.

घटनेत दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभा आणि धर्मादाय कार्यालयाची प्रक्रिया हवी होती; तेवढा वेळ नव्हता. सचिवांनी नियमाचे शब्द पुन्हा वाचले. त्यात नियमित वर्गणी असा उल्लेख होता, किमान रक्कम दिलेली नव्हती. त्या आधारे कमिटीने ठरवले, की महिन्याला दहा रुपये दिले तरी ती नियमित वर्गणी धरावी आणि एप्रिलपासूनची थकबाकी सभासदाच्या अर्जावरून, कारण न विचारता, शून्य करावी. पाच आठवड्यांत फक्त नऊ अर्ज आले. अर्ज करणे म्हणजे आपली अडचण कागदावर सही करून देणे होते, आणि वर्षानुवर्षे सणाला पहिली पाटी उचलणारी घरे ते करणार नव्हती. डिसेंबरमध्ये अर्जाची अट काढली आणि सर्वांची थकबाकी आपोआप शून्य केली. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला : स्वतःच्या औषधात काटकसर करून ज्यांनी वर्गणी चुकवली नाही त्यांना आपण काय सांगणार. या प्रश्नाला कमिटीने समाधानकारक उत्तर दिले असे म्हणता येणार नाही.

दुसरा वाद वार्षिक अहवालाचा. अहवालात दरवर्षी कुटुंबवार देणे नावासह छापले जाई. त्या वर्षी तो तक्ता म्हणजे कुणाची नोकरी गेली याची यादीच ठरली असती. नावे गाळावीत यावर बहुमत होते, पण खजिनदारांनी एक मुद्दा काढला, जो सहजासहजी सुचत नाही : छापील यादी हीच खजिनदारावरची देखरेख असते, कारण प्रत्येक जण आपली रक्कम बरोबर आली की नाही हे तीत पाहतो. नावे काढली तर ही तपासणी जाते. अखेर नावांऐवजी पावतीक्रमांक आणि रक्कम छापण्यात आली. ज्याच्याकडे पावती आहे त्याला आपली नोंद सापडते, शेजाऱ्याला सापडत नाही. पुढे ही पद्धत कायम झाली.

वर्गणीच्या वहीचा आणखी एक उपयोग निघाला. ज्या घराची वर्गणी अचानक थांबते तिथे काहीतरी घडलेले असते, आणि ते सर्वांआधी खजिनदाराला दिसते. त्याने ते पाळकांना सांगावे का? दोन वडिलांचा विरोध होता : कोण किती देतो हे पाळकाला ठाऊक नसावे, नाहीतर भेटीगाठींत भेदभाव शिरतो. मधला मार्ग असा निघाला, की तीन महिने वर्गणी न आलेल्या घरांची केवळ नावे, रकमेशिवाय, साहाय्यनिधी पाहणाऱ्या सिस्टरबाईंना द्यावीत आणि त्यांनी आपल्या नेहमीच्या फेऱ्यांत तिथे जाऊन यावे. पहिल्याच यादीतून मदत न मागितलेली चौदा घरे निघाली. तीन घरांत औषधे बंद होती. एका घरात पैशाची काहीच अडचण नव्हती. त्यांचे जुन्या कमिटीशी भांडण होते.

परिणाम

२०२०-२१ चे उत्पन्न ६० आले : वर्गणी ३६, थैली ४, सणांची अर्पणे ६, भाडे ८, व्याज ६. खर्च ७८ झाला. १८ ची तूट मोकळ्या शिलकेतून गेली आणि मार्च २०२१ अखेर हाती २ उरले. वर्गणी ४६ वरून ३६ वरच थांबली, याचे श्रेय सप्टेंबरच्या पत्राला द्यायला हवे. पत्राआधीच्या पाच महिन्यांत ती निम्म्यावर आली होती.

२०२१-२२ मध्ये दुसरी लाट आली आणि जुलैत पुन्हा पूर आला. उत्पन्न ७१, खर्च ८१. आता इमारत निधीला हात लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. कमिटीने आधी इमारत निधीच्या देणगीदारांना पत्रे पाठवून तात्पुरत्या वापरासाठी लेखी संमती मागितली. बहुतेकांनी ती दिली. दोन कुटुंबांनी नकार दिला आणि त्यांचा हिस्सा बाजूला ठेवण्यात आला. त्यानंतर सर्वसाधारण सभेत परतफेडीची मुदत व व्याजाचा दर ठरवून ८ ची उचल मंजूर झाली. शिष्यवृत्तीच्या ठेवींना स्पर्श केला नाही. इमारत निधीचे व्याज त्या वर्षापासून त्याच निधीत जमा होऊ लागले.

२०२२-२३ मध्ये उत्पन्न ९३ झाले. सभागृहाचे आरक्षण परतले आणि कापणीच्या सणाचा लिलाव पुन्हा रंगला. एका कोहळ्याला मिळालेली किंमत अजून चर्चेत आहे. मार्च २०२४ पर्यंत उचललेल्या ८ पैकी ६ परत झाले. मात्र सुमारे दहा कुटुंबे परतली नाहीत. काही पुण्याला गेली, काही दुसऱ्या मंडळीत जाऊ लागली. छपराचे काम चार वर्षे लांबल्यामुळे त्याचे अंदाजपत्रक वाढले आहे, आणि मागे पडलेल्या देखभालीचा खर्च शेवटी वाचला की वाढला, याचा हिशेब कमिटीने अजून मांडलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

जुलै २०१९ मध्ये महिनावार, व्यवसायवार तक्ता असता तर टाळेबंदीपूर्वी आठ महिने हाताशी होते. त्या आठ महिन्यांत मोकळी शिलक दुप्पट झाली असती असे नाही, पण विश्वस्तबदलाचा अर्ज, बँकेतील सह्या आणि निधींची फोड ही तिन्ही कामे पैशाशिवाय होणारी होती. संकटात ज्या गोष्टींनी सर्वाधिक वेळ खाल्ला त्या याच.

सरसकट कपात टाळली हे बरोबर झाले. पण कुणाच्या वाट्याला काय येणार हे ठरवताना कमिटीने बैठकीत हजर असलेल्यांचा विचार आधी केला. सुवार्तिकांचे मानधन हे त्याचे उदाहरण. माझ्या मते पहिल्याच बैठकीत कपातीचा क्रम लिहून काढायला हवा होता : ज्यांना दुसरा आधार नाही त्यांचे देणे शेवटी, मुदत देऊ शकणाऱ्या संस्थांचे आधी. वरिष्ठ मंडळाचा वाटा जूनमध्येच लांबवता आला असता. ते पत्र सुवार्तिकांचे मानधन कापल्यानंतर दोन महिन्यांनी गेले, कारण ते लिहिणे संकोचाचे वाटत होते.

थकबाकी माफ करताना अर्ज मागवण्याची पायरी अनावश्यक होती. उलट बाजूने पाहता, थकबाकी सर्वांची आपोआप शून्य केल्याने ज्यांना देणे शक्य होते अशांपैकीही काहींची सवय सुटली, हे २०२१-२२ च्या वर्गणीत दिसते. माफीला मुदत घालून ती आधीच जाहीर केली असती तर दोन्ही साधले असते का, याबद्दल कमिटीत आजही दोन मते आहेत.

राखीव शिलकेचा ठराव २०२३ च्या वार्षिक सभेत मांडला गेला : सहा महिन्यांच्या खर्चाइतकी मोकळी शिलक बाजूला काढावी, आणि ती होईपर्यंत नवे बांधकाम करू नये. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम धार्मिक वा धर्मादाय उद्दिष्टांवर खर्च करण्याची आयकराची अट पाहता अशी शिलक दरवर्षी थोडी थोडी, उरलेल्या पंधरा टक्क्यांतूनच साठवावी लागेल, असे हिशेबनिसांनी सांगितले. सभेने छपराला अग्रक्रम दिला आणि ठराव पुढे ढकलला. मताच्या हक्काबाबत घटनादुरुस्तीचा मसुदाही सचिवांकडे तयार आहे. किमान रक्कम नसावी, पण वर्षातून एकदा तरी देणे असावे, असे त्यात म्हटले आहे. दहा रुपयांचा तो निर्णय अद्याप कमिटीच्या ठरावावरच चालू आहे, आणि एखाद्या निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराने त्याला आव्हान दिले तर तो टिकेल की नाही, हे तपासून घेण्याचे काम वकिलांकडे सोपवलेले आहे.